होडीला ब्रेक नसतो

आमच्या वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत जायला एकच पाणंद आहे. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडांचे गडगे, मध्ये पायांनी झिजून गुळगुळीत झालेला कातळ. घरं खाली, खाडीच्या अंगाला. रस्ता वर, सड्याच्या माळावर. अंतर फार नाही, बोलत चाललं तर एका विषयात संपतं. पण मध्यावर खडी चढण आहे, आणि चढणीच्या माथ्याच्या थोडं खाली पाणंद इतकी आकसते की डोक्यावर गवताचा भारा घेतलेली दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. तिथे उजव्या हाताला राखणदाराचा दगड आहे, वाडी राखणाऱ्या देवाचा. डाव्या हाताला मुंबईकरांचा गडगा. राखणदाराला कोणी हलवत नाही आणि मुंबईकर कोणाचा फोन घेत नाहीत. त्यामुळे ती जागा आमच्या आजोबांच्या वेळी होती तेवढीच आहे.

काशीराम शिवलकरांनी ती जागा सुतळीने मोजली. घरात टेप होता, पण त्यांचा विश्वास सुतळीवर. या गडग्यापासून त्या दगडापर्यंत ताणली, दोन गाठी मारल्या, आणि घरी येऊन पडवीतल्या खुंटीला टांगली.

"एवढ्यात मावलं पायजे," ते म्हणाले.

मी नंतर गाठीपासून गाठीपर्यंत टेप लावून पाहिला. तीन फूट अकरा इंच. रिक्षा त्यात मावत नाही.

काशीकाकांचं घर आमच्या घराला लागून. मध्ये एक फणस आणि कधीच बंद न होणारी बेडी, कुंपणातलं फाटक. त्यांचं सगळं आयुष्य मिरकरवाड्याच्या बंदरात गेलं. मासेमारीला मात्र ते कधी गेले नाहीत. त्यांना होडी लागायची, असं काकी सांगते आणि ते नाकारत नाहीत. ते इंजिनांचे. होडी धक्क्याला आली की तांडेल त्यांना हाक मारायचा. ते खाली उतरून आधी हाताचा तळवा इंजिनाच्या माथ्यावर ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा. मग लांब पाना घ्यायचे, त्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. शेजारी लिलावाचा गोंगाट चाललेला असायचा. त्यातून त्यांना आतला एकेक ठोका वेगळा ऐकू यायचा. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. आता ते सत्तरीच्या जवळ आहेत. बंदर सुटलं, पाना पडवीत आहे.

गेल्याच्या आदल्या श्रावणात तुळसाकाकी विहिरीच्या पायरीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. रिक्षा वर रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि काकी खाली. मग आमच्याकडे करतात तेच केलं. प्लास्टिकची खुर्ची, दोन बांबू, दोर, आणि चार माणसं. काकीला खुर्चीत बांधलं, अंगावर चादर घातली. चढणीवर चौघांची पावलं एकाच वेळी पडत होती, कारण नाही पडली तर खुर्ची हलते आणि ती कळवळते. माणसं आपापल्या दारापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. कोणी काही बोललं नाही. बांबू, चादर, चौघं आणि ती एका लयीतली पावलं. कशासारखं दिसतंय ते सगळ्यांना कळत होतं. काकीने डोळे मिटून घेतले होते.

शस्त्रक्रिया झाली. तीन आठवड्यांनी ती तशीच खुर्चीतून, तशीच डोळे मिटून खाली आली. हळूहळू वॉकर धरून घरात चालू लागली, मग खळ्यात. पुढच्या तपासणीची तारीख आली तेव्हा ती म्हणाली, "मी नाय जायची." मुलगा विनीत ऐरोलीहून समजवायला आला. तिने त्याला जेवायला वाढलं आणि वाढता वाढता सांगितलं, "आता मला चौघांनी उचलायचं ते एकदाच. तोवर मी हितंच बरी."

त्यानंतर सोळा महिने ती खळ्याबाहेर गेली नाही.

विनीतने आईवडिलांना मुंबईला नेण्याचा विषय एकदा काढला, पुन्हा काढला नाही. त्याऐवजी त्याने फोनवर शोधून काढलं की कोल्हापूरकडे एक वर्कशॉप आहे. ते लोक लहान गाडीचा सांगाडा सुट्या भागांत पाठवतात, घरी जोडायचा. बागेतून, आवारातून फिरवायला. काकांनी सुतळी मोजून घेतली आणि फोनवर माप सांगितलं. तीन फूट आठ इंच रुंदीची फ्रेम बनवून मिळाली. डांबरी रस्त्यावर ती न्यायची नव्हतीच. घरापासून रस्त्यापर्यंत, बस. तिथून पुढे रिक्षा असते, एसटी असते, बाकीचं सगळं जग असतं.

दिवाळीनंतर एक टेम्पो वर रस्त्यावर खोकी उतरवून गेला आणि वाडीने ती डोक्यावरून खाली आणली. पाइपची फ्रेम दोन तुकड्यांत, चार चाकं, स्टीअरिंग, दोन सीटचे सांगाडे, नटबोल्टच्या पिशव्या आणि एक पातळ पुस्तिका. काकांचा चष्मा सापडत नव्हता म्हणून ती वाचायचं काम माझ्याकडे आलं. चौथ्या पानावर होतं, 'इंजिन, गिअर व ब्रेक यांचे भाग ग्राहकाने आपल्या गरजेनुसार निवडावेत.'

"इंजिन" म्हटल्यावर काकांनी हात वर केला. "थांब बाय. पुरे."

पुढचे शब्द मी वाचले, पण ते तोवर उठून पाना पुसायला लागले होते. मीही पुन्हा वाचले नाहीत.

इंजिनाच्या शोधात महिना गेला. एमआयडीसीच्या रस्त्याला गुरुप्रसादचं रिक्षांचं गॅरेज आहे. गुरुप्रसाद चाळिशीचा, कधीकाळी बंदरात काकांच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे बोलायला मोकळा.

"काका, रिक्षाचं घ्या नि मोकळे व्हा," तो म्हणाला. "क्लच, चार गिअर, रिव्हर्स, सगळं एका गठ्ठ्यात. वजनाला हलकं. उद्या बिघडलं तर मी हाय."

"रिक्षाचं?" काकांनी समोर उघडून ठेवलेल्या इंजिनाकडे पाहिलंही नाही. "ते इंजिन नाय रे, ती तक्रार हाय. दिवसभर कुरकुरते."

"मग विमानाचं बघू काय?"

"तुला काय दिसणार? रिक्षाच्या पलीकडं नजर गेलीय कधी तुझी?"

गुरुप्रसाद हसला. चहा आला, पण काकांनी मत बदललं नाही.

चिपळूणला आम्ही दोघं गेलो, कारण तिथला पत्ता माझ्या फोनवर होता. वाशिष्ठीला मोठा पूर आला त्या वर्षी बुडालेल्या गाड्यांचे भाग एका आवारात अजून पडून होते. तिथल्या माणसाने छोट्या मोटारीचं तीन सिलिंडरचं इंजिन दाखवलं, पुसून चकचकीत केलेलं. काकांनी तळवा ठेवला, पाना कानाला लावला, आणि त्या माणसाला हाताने इंजिन फिरवायला सांगितलं. तीन-चार फेऱ्यांनंतर डोळे उघडले. "ह्याच्या आत अजून वाशिष्ठी हाय," ते म्हणाले, आणि आम्ही परतलो. येताना संगमेश्वरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी भजी घेतली, पण ती हातातच राहिली.

शेवटी त्यांनी निवडलं ते इंजिन त्यांना आधीपासून ठाऊक होतं. साखरतरच्या किनाऱ्यावर एक जुनी होडी मोडायला काढली होती. तिच्यात एका सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, सगळं बिडाचं, परातीएवढं चाक असलेलं. बावीस वर्षं ते काकांच्याच हाताखाली होतं. त्याचा पिस्टन त्यांनी दोनदा बदलला होता. एकदा वादळात बाकीच्या होड्या बंद पडल्या तेव्हा हे चालत राहिलं आणि सात माणसं घरी आली. ही गोष्ट ते वर्षातून एकदा तरी सांगत. मालक म्हणाला, "भट्टीत जाण्यापेक्षा तुझ्या दारात जाऊदे." काकांना दुसरं काही पाहायची गरज वाटली नाही.

सहा जणांनी ते बांबूंना टांगून पाणंदीतून खाली आणलं. काकी खळ्यात वॉकर धरून उभी होती.

"माझ्यापेक्षा दोन माणसं जास्त लागली," ती म्हणाली.

हिवाळाभर काका ते बसवत राहिले. फ्रेमच्या मागच्या टोकाला जादा पट्ट्या लावल्या. होडीचाच गिअर ठेवला. एक दांडा, पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे, मध्ये ठेवला की काहीच नाही. गुरुप्रसाद एका रविवारी बघायला आला. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "ब्रेक?"

"लावू ना."

"कधी?"

त्याने हट्ट धरला म्हणून पुढच्या दोन चाकांना एका जुन्या स्कूटरचे ब्रेक लागले. मागच्या चाकांना जागाच उरली नव्हती. तिथे इंजिन होतं.

माघात एके दिवशी काकांनी इंजिनासमोर नारळ फोडला आणि हँडल मारलं. पहिल्याच फेरीला ते बोललं. ठक, ठक, ठक. खाडीपलीकडच्या वाडीतून कोणीतरी फोन करून विचारलं, कोणाची होडी आली. काका खळ्यात गाडी पुढे नेत होते, मागे आणत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत मी तेवढा निवांतपणा पाहिला नव्हता.

"वजन किती तुझं?" त्यांनी काकीला विचारलं.

"दवाखान्याच्या कागदावर हाय. त्यात चार किलो घाला, चौदा महिने बसून खाल्लंय."

त्यांनी दोन पोती वाळूने भरली, काजू मोजायच्या काट्यावर तोलली आणि शेजारच्या सीटवर काथ्याने आवळून बांधली.

"मला पण असंच बांधणार काय?" काकी म्हणाली. काका हसले. मग त्यांनी गाडी पाणंदीत घातली.

मी आणि गुरुप्रसाद वर राखणदाराजवळ उभे होतो. आवाज आधी आला, मग गाडी. चढणीच्या पायथ्याशी ती जराही दमली नाही. अर्ध्यावर आली, आणि तिचं तोंड उचललं, होडीचं लाटेवर उचलतं तसं, अगदी सावकाश. सगळं वजन मागे होतं. पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर गेली. काकांनी स्टीअरिंग फिरवलं, चाकं हवेत फिरली. ब्रेक दाबला, हवेतली चाकं हवेतच थांबली. त्यानंतर त्यांच्या हाताने चाळीस वर्षं तांडेलांना शिकवलेली गोष्ट केली. हाताने दांडा मागे ओढला.

होडीला ब्रेक नसतो. थांबायचं असेल तर पंखा उलटा फिरवायचा. बाकीचं पाणी करतं. इथे पाणी नव्हतं. इंजिनाने सांगितलेलं ऐकलं, आणि गाडी उतारावरून मागे सुटली. दहा-बारा हात गेली असेल. मग मुंबईकरांच्या गडग्यावर तिरकी आदळून थांबली.

काकांचं कोपर सोललं होतं, एवढंच. गडग्याचे पाच-सहा दगड खाली आले होते. एका पोत्याचा काथ्या तुटला होता, पोतं उलटं पडलं होतं आणि वाळू कातळावरून खाली वाहत होती. इंजिन चालूच होतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

खालून, खळ्याच्या कडेवरून, चढणीचा तेवढा भाग दिसतो. काकी तिथे उभी होती. आम्ही खाली पोचलो तेव्हा ती आत गेली होती.

पुढचे आठ दिवस गाडी ताडपत्रीखाली होती. काकांनी मुंबईकरांचा गडगा दगडावर दगड ठेवून पुन्हा उभा केला, आधीपेक्षा बरा. वाडीत बोललं गेलं की इंजिनाला नारळ दिला, राखणदाराला नाही दिला. काकांनी ते खोडलं नाही. मी एकदा गडग्यापाशी पाणी घेऊन गेले तेव्हा ते दगडाची बाजू फिरवून बघत म्हणाले, "होडीला चढण नसते, बाय. माझ्या डोक्यात ती आलीच नाय. चूक इंजिनात असती तर मला ऐकू आली असती."

मी त्यांना विजेच्या मोटरीबद्दल सांगितलं. शहरात तशा रिक्षा फिरतात, आवाज होत नाही, धूर नाही. ज्या माणसाने जन्मभर ऐकूनच सगळं ओळखलं त्याला मी मुकं यंत्र सुचवत होते, हे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तिला सांगू."

त्या संध्याकाळी काकी पडवीत पाट घेऊन मासे साफ करत बसली होती. उंच पाटावर, पाय लांब करून. तिला आता तसंच बसावं लागतं. काकांनीच बंदरावरून बांगडे आणले होते. ते खांबाला टेकून बसले. मी पायरीवर.

"कोणाकडचे?" काकीने विचारलं.

"जनीकडचे."

तिने एका बांगड्याचा कल्ला बोटाने उघडला आणि त्यांच्यासमोर धरला. आत लाल असायला हवं, तपकिरी होतं. "कल्ले बघितलेत?"

"जनीकडचे म्हटलं ना."

"जनी ओळखीची म्हणून उचललेत. जनी फसवायची नाय, पण तिच्याजवळ उरलं होतं ते तिनं दिलं." तिने मासा खाली ठेवला. "इंजिनाचं तेच केलंत. बावीस वर्षांची ओळख, उचलून आणलंत. चढायचं कुठं, बसायचं कोणी, ते बघितलंत नाय."

काकांनी तो बांगडा उचलला आणि कल्ला स्वतः उघडून पाहिला.

"मला एकदा तरी विचारलंत?"

"काय विचारायचं होतं?"

"काय पायजे ते."

काकांनी खुंटीवरच्या सुतळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "काय पायजे?"

काकीने हातातलं काम थांबवलं नाही. बोलत गेली, जसं सुचेल तसं. बसताना पाय मुडपायला लागता नये. धरायला काहीतरी हवं, आणि त्यांचा खांदा नको, कारण ते चालवत असणार. बाजारात जायचं आहे, डॉक्टरकडे नंतर. वर्षभर दुसऱ्यांनी आणलेली मासळी खाऊन कंटाळा आला. मग तिने हात धुतले.

"आणि राखणदाराजवळ थांबायचं."

"चढणीत?" काका म्हणाले. "चढणीत गाडी थांबवत नाय कोण. एका दमात वर काढतात."

"मी दोनदा त्याच्यासमोरून गेले. डोळे मिटून. हात पण जोडले नाय." ती एवढंच म्हणाली आणि मग, "तिथं थांबता येत असेल तर मी बसते. नाय तर ऱ्हावदे."

काकांनी विजेच्या मोटरीचं सांगितलं. आवाजच नसतो म्हणून.

"आवाज असूदे," काकी म्हणाली. "खुर्चीतून नेलात तेव्हा सगळी वाडी चिडीचूप होती. माझा श्वास मला ऐकू येत होता. रिक्षा वाजली की माणसं कशी बाहेर येऊन विचारतात, कोण आलं, कोण चाललं. तसं विचारूदे की मला."

दुसऱ्या दिवशी काका गुरुप्रसादच्या गॅरेजात गेले.

"दे तुझी तक्रार," ते म्हणाले.

"कसली?"

"रिक्षाची."

गुरुप्रसाद बोलणार होता, पण त्याने त्यांच्या कोपरावरची पट्टी पाहिली आणि स्टूल पुढे केलं. त्याच्याकडे मोडीत आलेल्या रिक्षांची तीन इंजिनं होती. या वेळी काकांनी पाना शेवटी काढला. आधी विचारलं, कुठली रिक्षा कुठे चालत होती. एक हातखंब्याच्या सपाटीवर, एक स्टेशनवर. तिसरी अकरा वर्षं किल्ल्याचा चढ चढत होती. तिचा आवाज तिघांत वाईट होता.

"हिच्या क्लच प्लेटा गेल्यात," गुरुप्रसाद म्हणाला.

"त्या नव्या घालू. हिला चढ ठाऊक हाय."

मग ब्रेक. ते निवडायला त्यांना इंजिनापेक्षा जास्त दिवस लागले. चारही चाकांना ड्रम घेतले, आणि हाताने ओढायचा वेगळा ब्रेक, दातेरी पट्टीचा, एकदा ओढला की अडकून राहणारा. एकेक लायनिंग ते उजेडात धरून बघत, नखाने खरवडत, नाकाशी नेत. गुरुप्रसाद म्हणाला, "काका, कल्ले बघताय काय?" त्याला पडवीतलं काही माहीत नव्हतं. काका म्हणाले, "होय."

इंजिन हलकं होतं, चाकांच्या दांड्याला धरून बसलं. तेलाची टाकी आणि बॅटरी पुढे आली. डाव्या बाजूचा एक पाइप कापून खाली घेतला, म्हणजे काकीला पाय सरळ ठेवून आत सरकता येईल. त्यासाठी पुन्हा सुतळी निघाली. या खेपेला तिच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत. ती तीनदा बसून उठली, दोनदा नापसंत केलं. तिच्या हाताशी एक आडवा पाइप आला, त्यावर काकांनी जाळ्याचा दोर गुंडाळला, पकड चांगली बसावी म्हणून. दोघं शेजारी बसले की खांद्याला खांदा लागत होता. रुंदी तेवढीच होती.

आणि एक गोष्ट पुस्तिकेत नव्हती, गुरुप्रसादच्या डोक्यातही नव्हती. किंजळीच्या लाकडाचा तिकोनी ठोकळा काकांनी तासून केला आणि मागच्या चाकाच्या पाठीमागे वीतभर अंतरावर साखळीने बांधला. चढताना तो कातळावरून फरफटत मागून येणार. गाडी जरा जरी मागे सरली की चाक त्याच्यावर बसणार. वर पोचलं की उचलून हुकाला अडकवायचा.

"हे काय?" गुरुप्रसादने विचारलं.

"नांगर," काका म्हणाले. "होडीला ब्रेक नसतो. नांगर असतो."

होडीचं इंजिन त्यांनी विहिरीवर बसवलं. ते आता नारळी-पोफळीला पाणी ओढतं.

शिमगा झाल्यावर एका सकाळी गाडी निघाली. त्याआधी चार दिवस काका वाळूची पोती घेऊन चढण चढत होते आणि राखणदाराजवळ थांबत होते. काकीला त्यांनी सांगितलं नव्हतं. पण आवाज खाली येत होता. चढणारा, मग एका जागी थांबलेला, मग पुन्हा चढणारा. ती उंच पाटावर बसून ऐकत असायची.

तिने लुगड्यांच्या चळतीतलं इस्त्रीचं पातळ नेसलं होतं. हातात मासळीची पिशवी, मांडीवर नारळ. आधी पाठ टेकून बसली, मग पाय आत घेतला, सरळ. दोर गुंडाळलेला पाइप धरला. काकांनी किक मारली. तक्रार सुरू झाली.

दोन घरं ओलांडली तेवढ्यात ज्ञानेश्वरीवहिनी खळ्यात आल्या. "खंय गो निघालीस?"

"बाजारात."

"आमच्यासाठी पण बघ काय तरी."

"पैसे देशील तर बघते."

पुढच्या घरातून कोणी विचारलं, मग त्याच्या पुढच्या. मी मागून चालत होते, पण मला फारसं भरभर चालावं लागत नव्हतं. काका पहिल्या गिअरमध्ये होते. ठोकळा कातळावर खरखरत मागून येत होता. चढण लागली. गाडीचं तोंड खालीच राहिलं. गडग्यावर जिथे ती आदळली होती ती जागा मागे गेली. काकीने डोळे उघडे ठेवले होते. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पण मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वळत होती.

वर, रस्त्याच्या तोंडाशी, गुरुप्रसाद रिक्षा घेऊन उभा होता. तो एका दमात या म्हणून हात करत होता. काकांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. राखणदाराच्या समोर त्यांनी पाय दाबला, हाताचा ब्रेक ओढला. गाडी अंगठाभर मागे सरली आणि चाक ठोकळ्यावर बसलं. टक्.

थांबली.

दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा होती. काकीने नारळ काकांच्या हातात दिला. त्यांनी बसल्या जागेवरून वाकून तो दगडापाशी ठेवला. मग ती दगडाकडे वळली. हात जोडायचे तर पाइप सोडायला हवा होता. तिने आधी एक हात सोडला. गाडी हलली नाही. मग दुसरा सोडला.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. वर गुरुप्रसादने हात खाली घेतला होता. काकांचे दोन्ही पाय ब्रेकवर होते आणि नजर समोर. एका हाताचा तळवा त्यांनी पुढच्या पाइपवर टेकवला होता, नकळत, ताप बघतात तसा.

"कुरकुरतंय," ते म्हणाले.

"कुरकुरूदे," काकी म्हणाली. "थांबलंय ना."

तिने पुन्हा दोर धरला, आधी एका हाताने, मग दुसऱ्या.

"चला आता. जनीकडची पहिली पाटी संपेल."